हळद लागलेली तारीख

दिग्रसच्या बसस्टँडासमोर अफरोजचं मोबाईल रिपेरिंगचं दुकान आहे. दोन माणसं बसली का तिसऱ्याले उभंच राहा लागते, एवढं लहान. तठी माहा नातू नयन बी बसे. कोणाची काच बदलून दे, कोणाची चार्जिंगची पिन टाकून दे. बाजाराच्या दिवशी मी तठी टेकत होती अन् गिऱ्हाइकाईले गोष्टी सांगत होती. एका बाईले मी सांगतलं का माह्या सासऱ्यानं रानातला रोही, म्हणजे नीलगाय, धरून वखराले जुपला होता, पण तो रोही फक्त मंगळवारीच काम करे. दोन महिन्यानं ती बाई परत आली अन् मले इचारते, मंग बाकीचे दिवस त्याले चारा कोण टाके?

नयन म्हणे, "आजी, थाप मारतानी तुहा डावा डोळा बारीक होते. सुईत दोरा ओवतानी होते, तसा."

"मंग लोक काहून फसते रे?"

"लोक तुह्या तोंडाकडे पाह्यते. डोळ्याकडे कोण पाह्यते?"

आज मी जे सांगून राह्यली, ते ऐकतानी माह्या डोळ्याकडे पाहा. काही होत नाही त्याले.

नयनच्या दोन्ही किडन्या गेल्या तवा तो बावीस वर्षांचा होता. हप्त्यातून दोन खेपा डायलिसिसले यवतमाळले जा लागे, सकाळच्या पहिल्या बसनं. माही सून नंदा त्याच्यासंगं जाये, कधी मी जात होती. माहा पोरगा जिनिंगमधी मशीनवर आहे, त्याले सुट्टी भेटत नव्हती. नयनची लहान बहीण अपेक्षा यवतमाळलेच नर्सिंग शिकते, ती दवाखान्यात येऊन बसे. नंदाची किडनी त्याले जुळली नाही. मंग त्याचं हृदय बी कमजोर झालं.

होळीच्या आसपास डॉक्टरनं नंदाले बाजूले घेतलं अन् सांगतलं, जूनपर्यंत समजा. नंदानं ते मले येतानी बसमधी सांगतलं, कानाशी लागून. नयन पुढच्या सीटवर होता, कानात ते इयरफोन घालून. आमाले वाटलं, तो गाणे ऐकून राह्यला.

त्याच हप्त्यात त्यानं मले गेमची गोष्ट सांगतली.

एका परदेशातल्या लहान कंपनीचा गेम होता तो. त्याचा पहिला भाग नयन अन् अफरोजनं शाळेत असतानी खेळलता. एक डाकवाला बर्फातून घरोघरी चिठ्ठ्या वाटत जाते. शेवटी त्याच्या थैल्यात एकच चिठ्ठी उरते, अन् तिच्यावरचा पत्ता बर्फानं पुसून गेला असते. तठीच गेम संपला. ती चिठ्ठी कोणाची, ते दुसऱ्या भागात कळणार होतं. अन् कंपनीनं दुसऱ्या भागाची तारीख सांगतली होती. वीस जून.

"तारीख कोण काढते त्याईची? जोशी?" मी इचारलं.

"कंपनीच काढते व. आधी निसतं म्हणते, याच वर्षी येईन. मंग म्हणते, उन्हाळ्यात येईन. मंग महिना सांगते. मंग तारीख."

"म्हणजे बोलणी, पसंती, साक्षगंध अन् लग्न."

"बराबर. अन् मोठ्या कंपनीचा गेम त्याच हप्त्यात असला का लहान कंपनी बाजूले सरकते."

"सरकाच लागन. पाटलाच्या घरी लग्न असलं, त्या दिवशी आपण मंडप टाकतो का?"

"कधी कधी तारीख देऊन बी पुढं ढकलते. काम राह्यलं म्हणते, माफी मागते. पण एकदा म्हतलं का गेम गोल्ड झाला, म्हणजे सारं काम पुरं झालं. मंग सहसा सरकत नाही."

"पत्रिका छापल्यावाणी."

"हो. मंग तू लाव ना वीस जूनले हळद."

आमच्या घरची ती रीत आहे. पत्रिका छापून आली, पहिली मारुतीपुढं ठेवली, का घरातली मोठी बाई कॅलेंडरवरच्या तारखेले हळदीचं बोट लावते. हळद लागली का तारीख हालत नाही. माह्या दिराच्या लग्नाच्या सकाळी त्याचा मामा वारला, तरी पाच माणसाईत लग्न लावलं. हळद पुसता येत नाही अन् खोडता बी येत नाही.

मी म्हतलं, "आधी तुह्यं ते सोनं होऊ दे. मंग लावतो म्हणाव हळद."

तो स्क्रू पिळून राह्यला होता. मान वर न करता म्हणे, "गेम आल्याबिगर मी काही जात नाही कुठी."

तवा मले समजलं, बसमधी त्याच्या कानात काहीच वाजत नव्हतं.

जून लागला. ऊन काही हटत नव्हतं. नयनचे पाय सुजून खांबावाणी झालते, दोन वाक्यं बोलला का धाप लागे. मी रोज त्याच्या पायावर अंगठा दाबून पाहो, खड्डा पडे तो लवकर भरत नव्हता. दहा जूनले तो कूलरपुढं पडला होता. म्हणे, "आजी, सांग ना काही."

मी म्हतलं, "तुही ती कंपनी आहे ना, जो माणूस गेम सोडाची कळ दाबते, त्याच्या मशीनवर मांजरीनं पिल्लं देल्ले. माणूस भला आहे बिचारा. म्हणते, पिल्लाईचे डोळे उघडल्याबिगर मी मशीनले हात लावत नाही."

नयन हसला. हसता हसता खोकला. "डोळा बारीक झाला तुहा," म्हणे.

दुसऱ्या दिवशी दुपारी अफरोज दुकान उघडं टाकून आला. हातात मोबाईल. "नयन, पुढं ढकलला बे."

मोबाईलमधी एक गोरा पोरगा होता, असन तिशीचा, भुरी दाढी, निळा स्वेटर. टेबलामागं बसून बोलून राह्यला होता. नयन मले सांगत गेला. माफी मागून राह्यला, थोडं काम बाकी आहे म्हणते, आता अठरा सप्टेंबर. त्या पोराच्या मागं फळी होती. फळीवर खोका होता. खोक्यात मांजर आडवी पडली होती अन् तिले चार पिल्लं लुचून राह्यले होते.

तिघंबी हसलो आमी. नंदा सैपाकातून पाहाले आली, एवढे हसलो. त्या सांजेले नयननं अर्धी भाकर खाल्ली. पुढच्या हप्त्यात डॉक्टर रिपोर्ट पाह्यत राह्यला अन् मंग निसता म्हणे, चांगलं आहे.

जून गेला. जुलै गेला. नयन जिताच होता. मी त्या गोऱ्या पोराचं नाव तारखेवाला ठेवलं. नाव खरं काय ते मले जिभेवर येत नव्हतं.

पोळा झाला अन् तारीख जवळ आली तसा नयन पुन्हा खालावला. तीच सूज, तीच धाप. मी मनाशी म्हतलं, एक बार झालं ते झालं, पुन्हा काय होते? तरी सांगतलं. "तारखेवाला नळावर पाणी भराले गेलता, शेवाळावर घसरला. उजवा हात मोडला. अन् कळ उजव्याच हातानं दाबाची असा कंपनीचा कायदा आहे."

"त्याईच्या तठी नळावर लाइन असते का व?"

"पाणी साऱ्यालेच लागते बाबू."

चौथ्या दिवशी तारखेवाला आला. मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टर होतं. नवीन तारीख सत्तावीस नोव्हेंबर.

अफरोजनं मोबाईल खाली ठेवला. "आजी, तुमची जबान काली है," म्हणे. हसूनच म्हतलं त्यानं. मी बी हसली. पण भांडे घासतानी माहा हात थांबला. मांजर जाऊ द्या. हे हाड होतं कोणाचं तरी.

नयननं वळखलं. म्हणे, "आजी, असे व्हिडिओ चार-चार दिवस आधी बनवून ठेवते. तू सांगाच्या आधीच मोडला असन त्याचा हात."

पटलं मले. पटवून घेतलं. कारण की नयन पुन्हा दुकानात जाऊन बसून राह्यला होता. त्याच्या पायावर अंगठा दाबला तर खड्डा पडत नव्हता. एवढी सूज कुठी गेली, हे मी कोणाले इचारलं नाही.

कापसाची वेचणी सुरू झाली तवा तिसरी तारीख आली. नयन पुन्हा पलंगावर. या बारीले नंदाच म्हणे, "आत्याबाई, सांगा ना त्याले काही. तुमी सांगतलं का उठते तो."

म्हणजे तिनं बी जोडून पाह्यलं होतं.

मी दोन दिवस इचार केला. कोणाचं हाड मोडू नये, कोणाचं रक्त निघू नये, अशी थाप पायजे होती. मंग सांगतली. "तारखेवाल्याची आजी आली गावाहून. सत्तरीची आहे, माह्यावाणीच खोडीची. खुर्ची टाकून बसली त्याच्याजवळ. म्हणते, पोरा, तुही तब्येत पाह्य आधी, काम कुठी पळून चाललं?"

"तुह्यावाणीच म्हणजे थापाडी?"

"थापाडी नाही तर काय. आजी आहे ती."

नयन हसला, पण थोडासाच.

दोन दिवसानं व्हिडिओ आला. तारखेवाल्याच्या मागं खुर्ची होती, अन् खुर्चीत एक बुढी बसली होती. पांढरे केस, खांद्यावर लोकरीची शाल. पोरगा बोलून राह्यला होता, बारा फेब्रुवारी म्हणून राह्यला होता. पण मी त्याच्या तोंडाकडेच पाह्यत होती.

त्याच्या डोळ्याखाली सूज होती. चेहऱ्याले पिवळी कळा. स्वेटरची डावी बाही वर सरकली होती अन् तठी चिकटपट्टीखाली कापसाचा बोळा होता. नयनले जठी सुई लावते, ठीक तठीच.

ती सूज मी वळखत होती. मी रोज अंगठ्यानं दाबून पाह्यली होती ती.

अन् ती बुढी कॅमेऱ्यात पाह्यत होती. यवतमाळले डॉक्टर कागद वाचतानी मी जशी त्याच्याकडे पाह्यतो, तशी ती पाह्यत होती.

नयननं व्हिडिओ बंद केला. कोणी हसलं नाही.

त्या हिवाळ्यात नयन चांगला राह्यला. संक्रांतीले त्यानं चिमटीएवढा तिळगूळ मांगून खाल्ला. अपेक्षाच्या मोबाईलची काच बदलून देली अन् तिच्यापासून वीस रुपये घेतले, सख्ख्या बहिणीपासून. मी त्याच्याकडे पाह्यत होती अन् मले ती खुर्ची दिसत होती. नळावर बाया म्हणत, वच्छलाबाई, काही सांगत नाही तुमी आताशी. मी म्हणो, गोष्टी सरल्या व.

सरल्या नव्हत्या. चौथी तयार होती. त्याईच्या गावाची लाइट गेली, खांब पडला, सहा महिने येत नाही. यात कोणाले काय होणार होतं? पण मांजरीनं बी कोणाले काय होणार होतं.

फेब्रुवारी लागला. पहिल्याच दिवशी नयन उठला नाही. दोन तारखेले अफरोज आला अन् दारातूनच म्हणे, "गोल्ड झाला." निसती बातमी वाचली होती त्यानं. कंपनीनं व्हिडिओ टाकला होता, पण तो पाहाची कोणाले इच्छा नव्हती.

तीन तारखेले दुपारी मी नयनची बाज अंगणातल्या उन्हात घेतली. नंदा उंबऱ्यात बसली होती. ती माह्याकडे पाह्यत होती. तिच्या नजरेत एकच गोष्ट होती, सांगा. मी पदर सारखा केला. तोंड उघडलं.

"आजी," नयन म्हणे, "या बारीले काही सांगू नको."

मी त्याच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं.

"मी थकलो. ती बुढी बी थकली असन."

नंदा उठून आत गेली. आतून भांडं पडल्याचा आवाज आला.

"हळद लाव," नयन म्हणे.

मी हळदीचा डबा काढला. बोट पाण्यात बुडवलं, हळदीत बुडवलं. कॅलेंडर भितीवर आहे, तठपर्यंत पाच पावलं. माह्या लग्नाच्या मंडपात जातानी बी मले एवढा वेळ नव्हता लागला.

बारा तारखेवर बोट टेकवलं.

गेम आला त्या दिवशी अफरोजनं दुकानाचं शटर पाडलं अन् कम्प्युटर आमच्या घरी आणला. बाजेजवळ स्टुलावर ठेवला. सकाळी साडेदहाले कंपनीनं कळ दाबली, पण गेम कम्प्युटरात उतराले दुपार झाली. मंग बर्फ दिसला. इकडून तिकडं पांढरंफटक, अन् त्यात तो डाकवाला, खांद्यावर थैला. चालतानी त्याच्या बुटाचा आवाज येत होता, करकर, करकर. नयनचे बोटं धड दाबत नव्हते, तरी तो खेळला. दमला का निजे, उठला का खेळे.

चौथ्या दिवशी डाकवाला एका दारापुढं उभा राह्यला. नयननं मले तोंड तिकडं करून बसाले लावलं.

"सापडलं का रे घर?"

"हो."

"काय होतं चिठ्ठीत?"

"नाही सांगत. तू आपल्या मनानं लावून घेजो. तुह्यं कामच आहे ते."

पाचव्या दिवशी पहिल्या बसनं यवतमाळले जाचं होतं. नंदानं चहा ठेवला अन् त्याले उठवाले गेली.

कम्प्युटर सुरूच होता. डाकवाला दारापुढं उभा होता. थैला रिकामा.

याले आता चार महिने झाले. मी कॅलेंडरचं ते हळदीचं पान उलटलं नाही. नंदा माह्याशी बोलते. जेवाले वाढते. पण मी तवा तोंड मिटलं काहून, हे ती एक दिवस इचारन म्हणून मी उत्तर धरून ठेवलं होतं. नयनच म्हणे, मी थकलो. त्याचंच म्हणणं होतं ते. मी त्याचं ऐकलं. एवढ्या उत्तरावर मी निजत होती.

गेल्या सोमवारी अपेक्षा आली. तिनं नयनचा मोबाईल चालू केला होता, फोटो काढून घ्याले. म्हणे, "आजी, तारखेवाल्याचा तो गोल्ड झाल्याचा व्हिडिओ राह्यला आपला पाहाचा. पाह्यतं?"

लावला तिनं. तारखेवाल्याचे गाल भरले होते. डोळ्याखाली सूज नाही. हातावर पट्टी नाही. आजी त्याच्या खुर्चीले टेकून उभी होती, हात त्याच्या खांद्यावर.

"किती गोड बुढी आहे," अपेक्षा म्हणे. "सारे लोक तिच्याचबद्दल लिहून राह्यले खाली."

"काय म्हणते तो?"

"म्हणते, मी लय बिमार होतो. माही आजी मले रोज गोष्टी सांगे. मजेच्या, खोट्यानाट्या. कालच तिनं एक नवीन सांगतली अन् आज मी कामावर आलो." अपेक्षा हसत होती. मंग तिनं आवाज वाढवला, कान लावला. "म्हणते, त्या गोष्टीत एक गरम मुलूख आहे. तठचा एक पोरगा अंगणात बाजेवर..."

तिनं व्हिडिओ मागं नेला अन् तेवढंच पुन्हा ऐकलं.

"सांग."

"पोरगा आपल्या आजीले म्हणते, आता काही सांगू नको. मी थकलो."

घरात नंदा कणीक मळून राह्यली होती. तिचा हात थांबल्याचं मले ऐकू आलं.

"तारीख काय आहे याच्यावर?" मी इचारलं.

"दोन फेब्रुवारी."

नयन मले तीन तारखेले बोलला होता.

मी मोबाईल डोळ्याजवळ नेला. पोरगा बोलतच होता. बुढी त्याच्या खांद्यावरून सरळ माह्याकडे पाह्यत होती. हसत नव्हती. रडत बी नव्हती. निसता तिचा डावा डोळा बारीक झालता, सुईत दोरा ओवतानी होते तसा.